चेंडू एक, खेळाडू दोन

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत आणि अनिसा सय्यद यांनी २५ मीटर पिस्तूल नेमबाजीत जोडीचे सुवर्णपदक मिळविले. त्या प्रकारात दोघींनी आपापला नेम साधायचा आणि गुण एकत्र करायचे. पेढीच्या भाषेत, ती दोन स्वतंत्र खात्यांची बेरीज होती. गोल्फच्या विश्वचषकात मात्र भागीदारीची याहून कठीण कसोटी लागत असे.

ही स्पर्धा १९५३ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे ‘कॅनडा कप’ या नावाने सुरू झाली. अमेरिकी उद्योगपती जॉन जे हॉपकिन्स हे तिचे प्रवर्तक. प्रत्येक देशाचे दोनच खेळाडू. पहिला मान अर्जेंटिनाच्या जोडीला मिळाला. १९६७ पासून तिला विश्वचषक म्हणू लागले.

तिच्यातील दोन प्रकार व्यापारी माणसाने समजून घ्यावेत असे आहेत. ‘फोरबॉल’मध्ये प्रत्येक जण स्वतःचा चेंडू खेळतो आणि दोघांपैकी सरस गुण धरला जातो. एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यात झाकला जातो. ‘फोरसम’मध्ये मात्र जोडीला चेंडू एकच, आणि फटके आळीपाळीने. पहिल्याने चेंडू वाळूच्या खड्ड्यात घातला, तर वाळूत उतरायचे दुसऱ्याने. चूक ज्याची, तो काठावर उभा राहून पाहतो. अशा वेळी जोडीदाराच्या कपाळावर आठी उमटली, तर पुढचा फटकाही बिघडतो. आपल्याकडच्या कित्येक भागीदाऱ्या तोट्याने नव्हे, त्या आठीनेच मोडल्या, असे मला वाटते.

मग जोडीदार निवडायचा कसा? २०१६ मध्ये मेलबर्नच्या किंग्स्टन हीथ मैदानावर २८ देशांच्या जोड्या उतरल्या, तेव्हा पात्र ठरलेल्या खेळाडूनेच आपला साथीदार निवडायचा होता. भारताकडून एस. एस. पी. चौरासिया पात्र ठरले. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर हिरवळ राखण्याचे काम करीत. त्याच मैदानावर मुलगा खेळ शिकला आणि त्याच वर्षी इंडियन ओपन जिंकला. त्यांनी सोबत घेतले ते बंगळूरकडच्या चिक्करंगप्पांना, वयाने सुमारे पंधरा वर्षांनी लहान. (गोल्फ हा केवळ श्रीमंतांचा खेळ, हा समज येथे थोडा बाजूला ठेवावा लागतो.) विजेतेपद डेन्मार्कच्या जोडीने नेले.

फोरसममध्ये एक गोष्ट आरंभीच ठरवावी लागते: विषम क्रमांकाच्या होलवर पहिला फटका कोणाचा आणि सम क्रमांकाच्या होलवर कोणाचा. लांब फटक्याचा धनी कोण, जवळच्या फटक्यात कोणाचा हात स्थिर, हे पाहून ही वाटणी होते, आणि एकदा खेळ सुरू झाला की ती बदलता येत नाही. आपल्याकडे खरेदी थोरल्याकडे आणि वसुली धाकट्याकडे, अशी वाटणी बहुधा वयाने होते. हात कोणाचा स्थिर आहे, हे क्वचितच विचारले जाते.