भजनात गातात किती?

वाचकहो, एकादशीच्या रात्री आपल्या गावच्या देवळात भजनाला किती माणसे बसतात आणि त्यांतली किती गातात, हे कधी मोजून पाहिले आहे का? माझ्या गावी मी एकदा मोजले. बसली होती २१. गात होते तिघे. बाकीचे टाळ धरून होते, नाही तर नुसते डुलत होते. भजन चांगले झाले, पण मनाला चुटपुट लागली.

भजन म्हणजे मैफल नव्हे, बरं का! मैफलीत एकाने गावे, इतरांनी ऐकावे. भजनाची घडणच मुळी सर्वांनी गाण्यासाठी झालेली. मोठा अभंग घ्या. त्याच्या कडव्यात चरण चार. पहिल्या तिघांत अक्षरे ६-६, चौथ्यात ४. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. त्यामुळे दुसरा चरण कानी पडला की तिसऱ्याचा शेवट आपसूक ओठांवर येतो, आणि चौथा तोकडा असल्याने दम घ्यायला जागा राहते. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी शेकडो अभंग पाठ ठेवले, ते काही उगाच नाही.

गाण्याची रीतही तशीच. बुवांनी चरण म्हणायचा, मंडळींनी तो उचलायचा. भजनी ठेका ८ मात्रांचा, टाळ ज्याच्या त्याच्या हाती. एखाद्याला सूर सापडला नाही तर शेजाऱ्याचा आधार असतो. एकाचा दम तुटला तर दुसरा जागा भरून काढतो.

मग आमचे अडले कोठे? पेटीच्या पट्टीत! बुवांचा गळा चढा. ते काळी चारमध्ये गात. धृपद कसेबसे निभे, पण अंतरा वर गेला की मंडळी गप्प. त्यातच लाऊडस्पीकर आला, तोही बुवांच्याच पुढ्यात. मग इतरांनी गाण्याची गरजच कोणाला वाटेना.

मी भीतभीतच म्हटले, "बुवा, आज काळी दोन घेता का?"

"आवाज बसका लागेल, मास्तर," बुवा म्हणाले. त्यांना ते रुचले नव्हते. तरी त्यांनी पट्टी उतरवली. दुसऱ्याच चरणाला मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका आजोबांनी तोंड उघडले. बुवांच्या वडिलांबरोबर ते पूर्वी गात असत, हे मला ठाऊकच नव्हते. बुवा मात्र पेटीवरून मान वळवून त्यांच्याकडे बघतच राहिले.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या गावी एवढे करून पाहा. पट्टी सर्वांत चढ्या गळ्याची न घेता सर्वांना पेलेल अशी घ्या. छोट्या देवळात लाऊडस्पीकर बंद ठेवा. नवा अभंग आधी नुसता म्हणून घ्या, मग चालीवर बसवा. पोरांना मागे न बसवता जाणत्या टाळकऱ्यांच्या मध्ये बसवा.

आणि आणखी एक. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले. मंदिर खुले झाले. आपल्या भजनात मात्र अजून कोण उंबऱ्यापाशीच थांबते, कोणत्या आळीची माणसे येत नाहीत, बायाबापड्यांना टाळ मिळतो की नाही, हे ज्याचे त्याने आपल्या गावी पाहावे. येत्या एकादशीला मोजून तर बघा!