२५ डिसेंबर : जन्मतारीख की ठरवलेली तारीख?

डिसेंबर उजाडला की एक मजकूर दरवर्षी फिरू लागतो. पूर्वी तो पत्रकांतून फिरायचा, आता मोबाईलवरून फिरतो. ‘येशूचा जन्म २५ डिसेंबरला झालाच नव्हता, ख्रिश्चनांनी रोमन सूर्यदेवाचा सण चोरला,’ असा त्याचा आशय. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यापासून मुंबईच्या चाळींपर्यंत आपले कार्यकर्तेसुद्धा तो उत्साहाने पुढे ढकलतात. धर्मचिकित्सा हा आपला हक्कच आहे. परंतु एक ऐकीव गोष्ट काढून तिच्या जागी दुसरी ऐकीव गोष्ट बसवणे म्हणजे चिकित्सा नव्हे. सबब या तारखेचे प्रकरण एकदा पुराव्यानिशी तपासले पाहिजे.

मजकुराचा पहिला अर्धा भाग खरा आहे. बायबलमध्ये येशूची जन्मतारीख कुठेही दिलेली नाही. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान जन्मकथाच सांगत नाहीत. मत्तय आणि लूक सांगतात, पण त्यांच्यावरून वर्षही नक्की होत नाही. मत्तयाच्या कथेत हेरोद राजा जिवंत आहे, आणि बहुतेक इतिहासकारांच्या मते तो इ.स.पूर्व ४ मध्ये मेला. लूक ज्या क्विरिनियसच्या खानेसुमारीचा दाखला देतो ती इ.स. ६ मधली. म्हणजे निदान नऊ वर्षांचा फरक! आणि ज्या सनावर आज सगळे जग चालते तो सन डायोनिसियस नावाच्या साधूने इ.स. ५२५ मध्ये मांडला. हेरोदाच्या हयातीतला जन्म खरा मानला, तर ख्रिस्ताचा जन्मच ‘ख्रिस्तपूर्व’ काळात गेला.

‘डिसेंबरच्या थंडीत मेंढपाळ रात्री रानात कसे असतील?’ हा प्रश्न मजकुरात हमखास असतो. तो विचारणाऱ्याने बारामती-इंदापूरच्या रानात एकदा फिरून यावे. शेतात मेंढरे बसवणारा धनगर कडाक्याच्या थंडीतही उघड्यावरच असतो. पॅलेस्टाईनचे हवामान वेगळे हे मान्य, पण एवढ्या एका गोष्टीवर निकाल लागत नाही.

आता दुसरा अर्धा भाग, चोरीचा. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट लिहितो, की काही लोक येशूचा जन्म आपल्या हिशेबाने २० मेच्या आसपास धरतात. २५ डिसेंबरचा पहिला ठाम लेखी पुरावा मिळतो तो रोममध्ये इ.स. ३५४ मध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात. त्यातली संबंधित यादी इ.स. ३३६ ची असावी असे अभ्यासक मानतात. याच संग्रहात दुसऱ्या एका यादीत त्याच दिवशी ‘अजिंक्या’चा जन्मदिवस आणि तीस रथशर्यती अशी नोंद आहे. अजिंक्य म्हणजे सूर्यदेव. सम्राट ऑरेलियनने त्याचे देऊळ इ.स. २७४ मध्ये बांधले हे खरे. पण त्याने २५ डिसेंबर हा सण ठरवून दिला, असे सांगणारा त्याच्या काळचा पुरावा नाही. सूर्याची नोंद आणि ख्रिस्ताची नोंद एकाच बाडात सापडते, मग कोणी कोणाचे उचलले हे त्या बाडावरून कसे ठरवणार? आणि ज्या सॅटर्नेलियाचे नाव घेतले जाते तो उत्सव तर १७ डिसेंबरला सुरू होई.

अभ्यासकांचे दुसरे म्हणणे आपल्या वाचकांना अधिक विचार करायला लावील. पश्चिमेकडच्या ख्रिश्चनांनी येशूच्या मृत्यूची तारीख २५ मार्च धरली होती. महापुरुष ज्या दिवशी जातो त्याच दिवशी तो गर्भात आलेला असतो, अशी श्रद्धा होती. २५ मार्चपासून नऊ महिने मोजा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे काहींनी ६ एप्रिल धरला, तेथून नऊ महिन्यांनी ६ जानेवारी येतो, आणि आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करते. २५ मार्चचा हा हिशेब ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट लिहून ठेवला आहे. अर्थात तोही सण रूढ झाल्यानंतरचा, म्हणून हाही शेवटचा निकाल नव्हे.

पण ही श्रद्धा आपल्याला अनोळखी आहे काय? भगवान बुद्धांचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण ही तिन्ही वैशाख पौर्णिमेला झाली, असे थेरवाद परंपरा मानते. जपानमधले बौद्ध मात्र जन्मदिवस ८ एप्रिलला पाळतात. १९५६ साली जगभर २५०० वी बुद्धजयंती साजरी झाली ती थेरवादी गणनेने, इतिहासकार महापरिनिर्वाण इ.स.पूर्व ४८३ किंवा त्याहूनही अलीकडे नेतात. म्हणून बुद्ध खोटे ठरले असे कोणी म्हटले, तर आपण त्याला काय उत्तर देऊ? तेच उत्तर शेजारच्या ख्रिस्ती बांधवालाही लागू आहे.

नाताळ ही तारीख आहे, तर ईस्टर ही तिथी आहे. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्याचा नियम, आणि ही पौर्णिमाही चर्चच्या कोष्टकातली, आकाशातली नव्हे. त्यावरून ख्रिश्चन आपसात कडाकडा भांडले आहेत. आशिया मायनरचे लोक ज्यूंच्या वल्हांडण सणाप्रमाणे निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशीच, वार कोणताही असो, सण पाळत. इ.स. १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर त्यांना बहिष्कृत करायला निघाला, तेव्हा आयरेनियसने त्याला आवरले. पुढे इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेत सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर पाळायचे ठरले. या फिरत्या तिथीमुळेच २००६ आणि २०१७ मध्ये गुड फ्रायडे नेमका १४ एप्रिलला, भीमजयंतीच्या दिवशी आला होता. तिथी की तारीख हा पेच आपल्यालाही सुटलेला नाही. १९५६ मध्ये अशोक विजयादशमी १४ ऑक्टोबरला होती. आज दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो तो दसऱ्याला, आणि १४ ऑक्टोबरही पाळला जातो.

महाराष्ट्रातली गंमत आणखी वेगळी. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांचा, अर्थ जन्म. पण मुंबईत १८१३ मध्ये आणि पुढे अहमदनगरला ज्या अमेरिकन मिशनने काम केले, तिचे मुख्यालय मॅसॅच्युसेट्समधल्या बोस्टनचे. त्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत ख्रिसमस पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता! बायबलात तारीख नाही, मग सण कशाचा, असा तिथल्या प्युरिटन ख्रिश्चनांचाच सवाल होता. तेथे नाताळची सरकारी सुट्टी १८५६ साली आली. म्हणजे आजच्या मजकुरातला ‘गौप्यस्फोट’ ख्रिश्चनांनी स्वतःच साडेतीनशे वर्षांपूर्वी केलेला आहे.

नगर जिल्ह्यात या मिशनकडे गेले ते बहुतांशी महार-मांग समाजातले लोक, म्हणजे आपल्याच रक्ताचे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यांना अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले. बौद्धांना त्या १९९० मध्ये मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना अजूनही नाहीत. त्यांच्या सणाची टिंगल करणारा मजकूर कोणाच्या कारखान्यात तयार होतो याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा. २०१४ पासून काही मंडळींनी २५ डिसेंबरलाच तुळशीपूजन दिन सुरू केला, सरकारने त्याच वर्षी तो सुशासन दिन केला. एका तारखेवर किती जणांचा डोळा!

आपल्या २५ डिसेंबरला मात्र कोणतेही गणित मांडावे लागत नाही. ब्रिटिश अमदानीत कचेऱ्यांना नाताळची सुट्टी असे, राष्ट्रीय सभेची अधिवेशनेही त्याच आठवड्यात भरत. महाडची सत्याग्रह परिषद १९२७ साली याच सुट्टीत भरली. मोटारवाल्यांनी नकार दिला म्हणून बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले. मंडपाला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला, आणि त्या रात्री खड्ड्यात मनुस्मृती जाळली गेली.