महारोहिणीचे विदारण : शंकेचे मोल

३१ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी ९७ वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ घरी व्याख्यानाची तयारी करीत असता त्यांच्या छातीत व खांद्यांच्या मध्ये अकस्मात तीव्र कळ उठली आणि मानेपर्यंत गेली. आता हृदय बंद पडणार, असेच त्यांना प्रथम वाटले; परंतु लवकरच खरे निदान त्यांनी स्वतःच केले. ते होते महारोहिणीचे विदारण. हे गृहस्थ म्हणजे विख्यात शल्यविशारद डॉ. मायकेल डीबेकी. या रोगावरील शस्त्रक्रियेचा पाया सुमारे ५० वर्षांपूर्वी त्यांनीच घातला होता!

महारोहिणी ही हृदयातून निघणारी, शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी होय. तिची भिंत तीन थरांची असते. आतील थर फाटला म्हणजे रक्त थरांमध्ये घुसून वाट करीत जाते, आणि मेंदू, मूत्रपिंडे वा हातपाय यांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हृदयालगतच्या भागात हे घडल्यास तातडीची शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय असतो. तेथे तास-तास मोलाचा.

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातील डॉक्टरांची कसोटी येथेच लागते. छातीत दुखते म्हणून येणाऱ्या असंख्य रुग्णांत हा रोग एखाद्यासच असतो, आणि तो बहुधा हृदयविकाराचे सोंग घेऊन येतो. हृदयालेख व क्ष-किरणचित्र ही दोन्ही निर्दोष दिसू शकतात. हृदयविकार समजून रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध दिले, तर उपचारच घातक ठरू शकतो. म्हणून जाणते डॉक्टर तीन गोष्टी पाहतात. वेदना एकाएकी, फाटल्यासारखी आली काय? दोन्ही हातांच्या नाडीत वा रक्तदाबात अंतर आहे काय? घराण्यात महारोहिणीचा रोग आहे काय? संशय बळावताच सी. टी. यंत्राने रक्तवाहिनीचे चित्र घेतले जाते.

डॉ. डीबेकी यांच्यावर फेब्रुवारी २००६ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ते जुलै २००८ पर्यंत जगले. परंतु स्वतःचा रोग स्वतः ओळखणारा रुग्ण विरळाच. इतरांची भिस्त डॉक्टरांना वेळीच येणाऱ्या शंकेवर, आणि त्या शंकेला आधार देणाऱ्या आप्तांवर असते. कारण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही यंत्रात सापडत नाही. आजा कशाने गेला, चुलता ऐन तारुण्यात का कोसळला, हे घरच्यांनाच ठाऊक असते. ज्या कुळांचा इतिहास तोंडोतोंडीच चालत आला, त्यांनी ही माहितीही वडीलधाऱ्यांकडून विचारून लिहून ठेवावी. संकटाच्या घटकेला ते एक वाक्य प्राण वाचवू शकेल.