दोन वकिलांचीं दप्तरें



दिवाळीची झाडलोट सुरू झाली कीं जुन्या घरांतील माळे उघडले जातात आणि वर्षानुवर्षें अंधारांत पडलेल्या वस्तूंचा दोन दिवसांत निकाल लागतो. तांब्यापितळेचीं भांडीं घासून पुन्हां जागेवर ठेवलीं जातात. कागदांचे गठ्ठे मात्र बहुधा रद्दीवाल्याच्या तागडींत पडतात. माझें आजोळ दारव्ह्याचें. आजोबा तेथें वकिली करीत. ते वारल्यावर त्यांचें दप्तर असेंच एका दिवाळींत वजनावर विकलें गेलें. त्यांतून चुकून मागें राहिलेलें एक रिकामें पाकीट आज माझ्यापाशीं आहे. त्यावर यवतमाळच्या टपालाचा शिक्का असून तारीख १९३० च्या जुलै महिन्यांतील आहे. आंतलें पत्र नाहीं.

त्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यांत काय चाललें होतें तें ध्यानांत घेतलें म्हणजे या रिकाम्या पाकिटाची हुरहूर कां वाटते हें कळेल. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक माधव श्रीहरि अणे यांनीं पुसदजवळच्या राखीव जंगलांत गवत कापून जंगलचा कायदा मोडला. समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडांत मिठापेक्षां गुरांचा चारा आणि चुलीचें सरपण हाच लोकांच्या अधिक जिव्हाळ्याचा प्रश्न होता. म्हणून येथील सत्याग्रहानें जंगलाची वाट धरली. त्या दिवसांत यवतमाळच्या एका माणसानें दारव्ह्याच्या एका वकिलाला काय लिहिलें असेल? साधी तारीख कळविली असेल, अथवा कांहीं निराळेंहि असेल. तें आतां कधींच कळणार नाहीं.

आज मला बोलावयाचें आहे तें अशा कागदांविषयीं: सार्वजनिक कार्यांत पडलेल्या वकिलांच्या खाजगी दप्तरांविषयीं. आपल्या वऱ्हाडांतील अशीं दोन मोठीं दप्तरें सुदैवानें शाबूत राहिलीं आहेत.

पहिलें अण्यांचें. त्यांचा जन्म १८८० सालीं वणी येथें झाला आणि १९०८ पासून ते यवतमाळास वकिली करूं लागले. टिळकांचे हे अनुयायी वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले; १९२८ सालीं राज्यघटनेचा आराखडा करणाऱ्या नेहरू समितीचे सभासद आणि १९३३ मध्यें काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. १९३४ मध्यें जातीय निवाड्याच्या प्रश्नावर पंडित मालवीयांसह त्यांनीं निराळा पक्ष काढला. १९४१ मध्यें ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले आणि १९४३ च्या फेब्रुवारींत गांधीजींच्या उपवासाच्या वेळीं तेथून राजीनामा देऊन बाहेर पडले. पुढें १९४८ पासून १९५२ पर्यंत ते बिहारचे राज्यपाल होते. १९६८ मध्यें ते निवर्तले. त्यांचे खाजगी कागद दिल्लीस तीनमूर्ति भवनांतील ग्रंथालयाच्या संग्रहांत आहेत. १९६४ सालीं नेहरूंच्या स्मरणार्थ निघालेली ही संस्था २०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय या नांवानें ओळखली जाते.

दुसरें दप्तर अमरावतीच्या दादासाहेबांचें, म्हणजे गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचें. १८५४ सालीं जन्मलेले हे नामांकित वकील १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष होते. १९०८ मध्यें टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हां त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठीं ते विलायतेस गेले आणि १९१० मध्यें परत आले. त्यांनीं वर्षानुवर्षें इंग्रजींत रोजनिशी लिहिली. ती दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे. तिच्यांतील १९११ च्या डिसेंबरापासून १९१२ च्या मार्चापर्यंतच्या शिर्डीच्या मुक्कामाचा भाग छापून प्रसिद्ध झाला असल्यामुळें पुष्कळ भाविकांच्या तो परिचयाचा आहे. पहाटे उठणें, प्रार्थना, आरती, कोण आलें, काय बोलणें झालें, अशा साध्या नोंदी त्यांत आहेत; पण त्या त्या दिवशींच लिहिलेल्या असल्यामुळें त्यांना साक्षीदाराच्या जबानीची किंमत आली आहे.

आतां कोणी विचारील कीं, सरकारी दप्तर असतां या खाजगी कागदांची मातबरी काय? सरकारी कागदांत सरकारला जें दिसलें तें असतें. सभेला किती माणसें होतीं, कोण काय बोललें, कोणावर खटला भरला, हें पोलिसाच्या अहवालांत मिळेल. परंतु सभा भरविण्याआधीं कार्यकर्त्यांत कोणता वाद झाला, पैसा कोठून आला, कोणाचें मन कचरत होतें, हें तेथें मिळणार नाहीं. अण्यांसारखा पुरुष एकदां मंडळांत जातो आणि एकदां बाहेर पडतो, तेव्हां त्याचा निर्णय वर्तमानपत्रांत छापला जातो. त्या निर्णयापर्यंत मनुष्य कसा पोंचला हें शोधावयाचें तर मित्रांचीं पत्रें, पत्रांचे कच्चे मसुदे, तारा आणि टिपणें यांच्याकडेच वळावें लागतें. म्हातारपणीं लिहिलेल्या आठवणींत मागाहून सुचलेलें शहाणपण मिसळतें. पत्र लिहिणाराला उद्यां काय होणार हें ठाऊक नसतें. हेंच पत्राचें मोल.

हे कागद दिल्लीस पोंचले, सुरक्षित झाले, आतां आपलें काम संपलें, असें कोणास वाटेल. परंतु पत्रव्यवहाराचा एक साधा नियम आपण विसरतों. मनुष्याच्या दप्तरांत त्याला आलेलीं पत्रें सांपडतात. त्यानें धाडलेलीं पत्रें ज्याला धाडलीं त्याच्या घरीं असतात. नक्कल ठेवण्याची संवय असेल तर कांहीं मजकूर राहतो. एरवीं संभाषणाची एकच बाजू हातीं येते.

याचें एक उत्तम उदाहरण वेल्सचें आहे. ब्रिटनच्या पश्चिमेकडील या डोंगराळ प्रदेशांत वाढलेले डेव्हिड लॉइड जॉर्ज १८८४ मध्यें वकील झाले आणि १९१६ पासून १९२२ पर्यंत ब्रिटनचे पंतप्रधान होते. त्यांच्या राजकारणाचे कागद लंडनला जतन केलेले आहेत. पण ते पार्लमेंटांत गेले तेव्हां गांवाकडची वकिली त्यांचा धाकटा भाऊ विल्यम सांभाळीत राहिला आणि लॉइड जॉर्ज त्याला वारंवार पत्रें लिहीत. तीं पत्रें भावानें जपलीं. आज तीं ॲबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. लंडनच्या कागदांत मुत्सद्दी दिसतो. भावाच्या गठ्ठ्यांत घरच्या माणसाशीं मोकळेपणानें बोलणारा मनुष्य भेटतो. भावानें तो गठ्ठा बंबांत घातला असता तर लंडनच्या साऱ्या कपाटांनीं ती उणीव भरून निघाली नसती.

आपल्याकडे हे भाऊ कोण? दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, कारंजें येथील वकील, सावकार, शिक्षक आणि व्यापारी. पुढाऱ्यांनीं पत्रें लिहिलीं तीं यांना. यवतमाळ आणि अमरावती येथून निघालेल्या त्या पत्रांचा दुसरा अर्धा भाग दिल्लींत नाहीं. असलाच तर तो याच घरांच्या माळ्यांवर, पेटाऱ्यांत आणि फडताळांत आहे.

म्हणून गृहस्थांना आणि विशेषतः गृहिणींना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, मोडी लिपींतील कागद आपल्याला वाचतां येत नाहीं म्हणून तो निरुपयोगी ठरवूं नये. मोडी जाणणारे आजहि मिळतात. दुसरी ही कीं, गठ्ठा ज्या क्रमानें बांधलेला असेल तो क्रम मोडूं नये. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं होता, यावरूनहि जाणकाराला पुष्कळ कळतें. तिसरी ही कीं, पत्र आणि पाकीट यांची ताटातूट करूं नये. पत्रावर तारीख नसली तरी टपालाचा शिक्का ती सांगतो. हा धडा मला माझ्या पाकिटानें दिला आहे. चौथी गोष्ट जपणुकीची. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावूं नये आणि त्यावर प्लास्टिकचें आवरणहि चढवूं नये. त्यानें कागदाचें कायमचें नुकसान होतें. गंजलेल्या टांचण्या हलक्या हातानें काढाव्या, स्वच्छ सुती रुमालांत गठ्ठा सैल बांधावा, भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावा आणि पावसाळा संपल्यावर वाळवी अथवा कसर लागली नाहीं ना हें पाहावें.

वकिलाच्या दप्तरासंबंधीं एक अडचण मात्र खरी आहे. त्यांत पक्षकारांचीं गुपितें असतात. वांटणीचे तंटे, कर्जें, घरांतील भांडणें हें सारें विश्वासानें सांगितलेलें असतें, आणि पक्षकार वारला म्हणून तो विश्वास संपत नाहीं. या भीतीनें कांहीं कुटुंबें सगळेंच जाळून टाकतात. तसें करण्याची गरज नाहीं. अमुक वर्षेंपर्यंत हे कागद कोणास दाखवूं नयेत, अशी अट घालून दप्तर संग्रहालयाच्या स्वाधीन करतां येतें. खटल्यांचे कागद निराळे आणि सार्वजनिक पत्रव्यवहार निराळा, अशी यादी करून दिली तर काम आणखी सोपें होतें. दप्तर घराबाहेर द्यावयाचेंच नसेल तर निदान त्याचीं स्पष्ट छायाचित्रें काढून तीं अभ्यासकांस उपलब्ध करावीं.

माझ्या आजोबांचें दप्तर विकणाऱ्यांनीं तें दुष्टपणानें विकलें नाहीं. घर लहान होतें, माणसें वाढलीं होतीं, आणि त्या कागदांत काय आहे हें सांगणारें घरांत कोणी उरलें नव्हतें. अशीं घरें अजून असतील. त्यांतील एखाद्या घरानें यंदाच्या दिवाळींत माळ्यावरचा गठ्ठा तागडींत घालण्यापूर्वीं एकदां सोडून पाहिला, तर आजच्या माझ्या बोलण्याचें सार्थक झालें असें मी समजेन.