एचआयव्हीसोबत साठी गाठताना

सरकारी केंद्रांतून एआरटीची औषधे मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. तेव्हा चाळिशीत असलेले आणि गोळ्या नेमाने घेत आलेले अनेकजण आज साठीच्या घरात आहेत. पूर्वी ज्या आजारात पुढच्या वर्षाची खात्री नसे, त्यात आता म्हातारपण दिसू लागले. ही समाधानाची गोष्ट आहे. पण म्हातारपणाची दुखणीही सोबत आली आहेत.

गोळ्यांनी विषाणू दबून राहतो, तरी शरीरात सौम्य दाह चालूच असतो. त्यामुळे हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि हाडांचा ठिसूळपणा यांचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. तंबाखू, मिश्री व दारू यांनी तो आणखी वाढतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह अनेक देशांतील अभ्यासात ४० ते ७५ वयाच्या एचआयव्हीबाधितांना कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी रोज दिली गेली. त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात असे गंभीर प्रसंग ३५ टक्क्यांनी कमी आढळले. अशी गोळी कोणाला द्यायची, हे अर्थात डॉक्टरांनीच ठरवायचे.

खरी अडचण लपवाछपवीची आहे. बीपी-शुगरसाठी गावातल्या डॉक्टरांकडे जाणारा माणूस एआरटीचे नाव काढत नाही. आणि एआरटी केंद्रात शुगरची गोळी सांगायची राहून जाते. हल्ली बहुतेकांना मिळणाऱ्या एआरटीच्या गोळीत डोल्युटेग्राव्हिर असते. त्यासोबत मेटफॉर्मिन घेतल्यास रक्तातील मेटफॉर्मिनचे प्रमाण वाढते, म्हणून त्याचा डोस डॉक्टरांना जपून ठरवावा लागतो. अ‍ॅसिडिटीचे औषध घ्यायचे असेल, तर एआरटीची गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांची वेळही केंद्रात विचारून घ्यावी. म्हणून दोन्ही ठिकाणी जाताना घरातील सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात आणि डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

रक्तदाब, साखर व मूत्रपिंड यांची तपासणी वेळच्या वेळी करून घ्यावी. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ६ पट असतो. पाळी थांबली असली, तरी या तपासणीविषयी विचारावे.

२०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारून भेदभाव करता येत नाही, आणि संमतीशिवाय कोणाची माहिती उघड करता येत नाही.

आपणही हातभार लावू शकतो. पाड्यावरून केंद्रात जायचे, तर दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडे लागते ते वेगळेच. वय झालेल्याला सोबतही हवी असते. भाडे द्यावे, सोबत जावे; मात्र कशासाठी जाता, हे विचारू नये. बीपी-शुगरचे शिबिर घ्यायचे, तर ते सगळ्या गावासाठी घ्यावे, म्हणजे कोणाकडे बोट दाखवले जाणार नाही.