जयपूरचा पाय

हस्तव्यवसाय, चित्रकला आणि विज्ञान हे विषय वेळापत्रकात निरनिराळ्या रकान्यांत बसविलेले असतात. प्रत्यक्ष व्यवहारातील अडचण मात्र या रकान्यांस जुमानीत नाही. जयपूर येथे १९६८ च्या सुमारास तयार झालेला कृत्रिम पाय हे याचे ठळक उदाहरण होय, व ते वरच्या वर्गांतील मुलांस सहज समजावून देता येण्याजोगे आहे.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद होते. पाय गमावलेल्या रुग्णांस त्या काळी परदेशी धर्तीचा पाय बसवीत. रुग्ण तो लावून घरी जात आणि काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर चालताना दिसत. याचे कारण रुग्णांच्या अडाणीपणात शोधणे सोपे होते, डॉ. सेठी यांनी ते पायातच शोधले. तो पाय खुर्चीवर बसणाऱ्या व बूट घालणाऱ्या माणसासाठी घडविलेला होता. त्याच्या आतील ताठ लाकडी गाभ्यामुळे घोटा वाकत नसे. त्यामुळे उकिडवे बसता येईना, मांडी घालता येईना, बांधावरून चालताना पाऊल उंचसखल जमिनीस जुळवून घेईना. बूट काढून देवळात वा स्वयंपाकघरात जाणेही अवघड. शेतकऱ्याने असा पाय खुंटीस टांगून ठेवला, तर त्यात नवल ते काय?

रुग्णालयात रुग्णांस हस्तकला शिकविण्याच्या कामी रामचंद्र शर्मा हे कारागीर होते. शालेय शिक्षण अल्प, परंतु मूर्तिकलेत हात मुरलेला; लोक त्यांस 'मास्टरजी' म्हणत. मानवी पावलाचा आकार त्यांच्या बोटांत होता, तर त्या पावलातील हाडे व सांधे कोणत्या दिशेस किती वळतात याचे ज्ञान डॉक्टरांजवळ होते. या दोघांच्या सहकार्यातून नवा पाय घडला. (पुढे १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठी यांस मिळाला. तो सर्वथा योग्यच. तथापि वर्गात ही हकीकत सांगताना कारागिराचे नाव प्रथम घेतले, तरी अन्याय होणार नाही.)

साहित्याचा शोध बराच लांबला. ट्रकच्या झिजलेल्या टायरवर नवे रबर चढविण्याची क्रिया पाहून शर्मा यांस मार्ग सुचला, असे सांगतात. रबरात गंधक मिसळून उष्णता दिली असता ते चिवट, लवचीक व टिकाऊ होते. परंतु सगळा पाय भरीव रबराचा केल्यास तो जड होतो. म्हणून टाचेच्या व चवड्याच्या जागी हलके सच्छिद्र रबर, घोट्याच्या जागी हलक्या लाकडाचा ठोकळा, आणि या सर्वांवर त्वचेच्या रंगाचे रबरी आवरण अशी योजना करून तो धातूच्या साच्यात भाजून काढण्यात आला. ताठ गाभा असा खंडित झाल्याने पाऊल वर, आत व बाहेर वळू लागले. त्यास बोटांचा आकारही होता. बुटाची गरज उरली नाही. पाणी व चिखल यांची भीतीही गेली. १९७५ मध्ये जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली व हे पाय गरजूंस विनामूल्य मिळू लागले. १९८१ च्या अपघातानंतर पाय गमावलेल्या मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन याच पायावर १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर नाचल्या, हे मुलांस अवश्य सांगावे.

हा पाठ घेताना रबरापासून आरंभ करू नये, बसण्यापासून करावा. एका विद्यार्थ्यास नडगी सरळ उभी ठेवून व टाच न उचलता उकिडवे बसण्यास सांगावे. तो मागे कलंडतो. असे का होते, हे मुलांनीच शोधावे. घोटा वाकून नडगी पुढे झुकल्याखेरीज शरीराचा भार पावलावर येत नाही, हे त्यांच्या ध्यानी येण्यास वेळ लागेल, तो द्यावा. नंतर ओल्या पावलाचा ठसा फरशीवर उमटवून तो पाहून चित्र काढावे, आणि चिकणमातीचे पाऊल घडवावे. हस्तव्यवसायाच्या तासिकेस विश्रांतीची तासिका समजण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. तेथे हा प्रयोग विशेष उपयोगी पडेल.

गावात कृत्रिम पाय वापरणारे मूल असल्यास मात्र त्यास नमुना म्हणून वर्गापुढे उभे करू नये. मोठ्या माणसास एकदा बसविलेला पाय पुष्कळ दिवस चालतो, पण मुलाचे तसे नाही. चांगला पाय वाढतो, कृत्रिम पाय तेवढाच राहतो. मूल चालताना एका बाजूस झुकू लागले, खेळाच्या वेळी बसून राहू लागले किंवा पाय घरी ठेवून येऊ लागले, तर ते आळशी झाले असे न मानता पाय आखूड पडला आहे काय, तो टोचतो काय, हे त्यास एकांतात विचारावे, आणि पालकांस भेटून नव्या मापासाठी केंद्रावर नेण्यास सांगावे.