रमजान की रमदान? एका अक्षराची मुशाफिरी

रमजानचा चंद्र दिसला की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला प्रश्न हिंदू मित्रांचा. 'रमजान मुबारक म्हणायचं की रमदान करीम? नेमकं बरोबर काय?' दुसरा प्रश्न घरातला. आखाती देशात चार वर्षे नोकरी करून आलेला तरुण आजीला सांगतो, 'दादी, रमजान नाही, रमदान म्हणायचं असतं. खरा शब्द तोच आहे.' दादी काही बोलत नाही. ज्या नावाने तिने आयुष्यभर रोजे धरले, ते नावच खोटे होते की काय, एवढेच तिच्या मनात येते.

पहिल्या प्रश्नात आपुलकी आहे, दुसऱ्यात थोडे दुखणे आहे. दोन्हींच्या मुळाशी मात्र एकच अक्षर आहे. अरबीत त्याला 'दाद' म्हणतात, उर्दूत 'ज्वाद'. आडवी लंबगोल गाठ, तिच्या डावीकडे छोटासा दात, पुढे वाटीसारखी खोल शेपटी आणि डोक्यावर एक ठिपका, असे त्याचे रूप. ठिपका काढला की ते 'साद', म्हणजे उर्दूतले 'स्वाद', हे वेगळे अक्षर होते.

अरबी लिपी ज्या जुन्या अरमाई वळणाच्या लिपीतून आली, तिच्यात २२च अक्षरे होती. अरबी बोलीत आवाज त्याहून जास्त. तेव्हा असलेल्या अक्षरांवरच ठिपके देऊन सहा नवी अक्षरे केली गेली आणि संख्या २८ झाली. त्या सहांपैकी हे एक. अक्षरांना अंक मानण्याच्या अबजद पद्धतीत त्याची किंमत ८००.

अरबांचा अभिमान

अरब लोक आपल्या भाषेला 'दादची भाषा' म्हणतात. हा आवाज आपल्याशिवाय कुणाला जमत नाही, असा त्यांचा जुना अभिमान. गंमत अशी की या अक्षराचे बारकाईने वर्णन करून ठेवणारा आठव्या शतकातला व्याकरणकार सीबवय्ह हा मूळचा इराणी. बसरा शहरात राहून त्याने अरबी व्याकरणाचा पाया घालणारा ग्रंथ लिहिला. तो सांगतो, जिभेची कड बाजूच्या दाढांना लावून हा आवाज काढायचा. आपणही करून पाहावे. जिभेची कड दाढेला लावली की हवा बाजूने निसटते आणि 'ल' किंवा 'ळ'च्या जवळचा आवाज निघतो. म्हणजे जुना दाद हा आजच्या अरबांच्या जड 'द'सारखाही नव्हता आणि आपल्या 'ज'सारखाही नव्हता.

याचा पुरावा दूर स्पेनमध्ये आहे. अरबांनी तिथे अनेक शतके राज्य केले. त्यांचा 'अल-कादी', म्हणजे आपला काजी, स्पॅनिश लोकांच्या तोंडी 'अल्काल्दे' झाला. आज स्पेनमध्ये नगराध्यक्षाला अल्काल्दे म्हणतात. त्या शब्दातला दुसरा 'ल' बघा. एका अक्षरातून 'ल' आणि 'द' असे दोन आवाज त्या लोकांनी ऐकले होते.

दुसरा पुरावा आपल्याच देशात आहे. तमिळ वर्तमानपत्रांत या महिन्याचे नाव 'रमलान' असे छापतात. केरळात अनेक जण 'रमळान' म्हणतात. तिथे इस्लाम समुद्रमार्गे, थेट अरब व्यापाऱ्यांबरोबर पोहोचला. आपल्याकडे तो शब्द फारसीच्या खांद्यावरून आला. इराणी माणसाला तो आवाज जमेना. त्याने त्याचा मऊ 'ज' केला. तुर्कांनी तोच उचलला. म्हणून इस्तंबूलपासून ढाक्यापर्यंत लोक रमजानच म्हणतात. बहामनी, बरीदशाही आणि पुढे निजामाच्या दफ्तरातली भाषा फारसी वळणाची होती. आपल्या उदगीर-औशापर्यंत हा शब्द त्याच वाटेने आला.

म्हणजे अरबांचा रमदान, तमिळांचा रमलान, केरळचा रमळान आणि लातूरचा रमजान ही एकाच आईची चार लेकरे. त्यातले एक सख्खे आणि तीन सावत्र, असे नाही.

शब्दाच्या पोटातली आग

या नावाचे मूळ 'र-म-द' या तीन अक्षरांत आहे. अर्थ होतो, उन्हाने तापलेल्या दगडांची, वाळूची भाजणारी धग. हिजरी वर्ष चंद्राचे, सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणून रमजान साऱ्या ऋतूंतून फिरतो आणि ३३ वर्षांच्या आसपास पुन्हा त्याच ऋतूत येतो.

त्या धगीचा अर्थ लातूरकरांना वेगळा समजावून सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आपल्या शहरात आली आणि त्याच वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रमजान सुरू झाला. दिवसभर पाण्याचा थेंब न घेणाऱ्याला आणि घागर घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्याला तहानेचा अर्थ एकच होता. वजूसाठी लोटाभर पाणी कसे पुरवायचे, हे त्या वर्षी लहान मुलेही शिकली. 'वजू' या शब्दातही हेच अक्षर आहे. रोजा 'फर्ज' आहे, म्हणजे बंधनकारक आहे, त्या फर्जमध्येही आहे. आजारपणात राहून गेलेला रोजा नंतर धरतात, त्याला 'कजा' म्हणतात, त्यातही आहे.

सातबाऱ्यापासून गवयापर्यंत

आता कुणी म्हणेल, हे झाले मुसलमानांचे अक्षर, आमचा त्याच्याशी काय संबंध? तर एक साधे वाक्य वाचा. गरज पडली म्हणून शेतकरी जिल्ह्याच्या गावी येतो, कर्जासाठी अर्ज करतो, जामीनदार हजर करतो, साहेबांची मर्जी सांभाळतो आणि हप्ते थकले तर जप्तीला तोंड देतो. या एका वाक्यात ते अक्षर आठ वेळा आले आहे. गरज, जिल्हा, कर्ज, अर्ज, जामीन, हजर, मर्जी, जप्ती.

यांतल्या काही शब्दांचे मूळ अर्थ मोठे मजेदार आहेत. 'जिल्हा' या शब्दाचा अरबीतला अर्थ बरगडी. बरगडी म्हणजे शरीराची बाजू, त्यावरून मुलखाचा एक भाग. १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला, तेव्हा मराठवाड्याच्या छातीत एक नवी बरगडी आली म्हणा ना! 'जिद्द' म्हणजे मुळात विरुद्ध बाजू, उलट असणे. मराठीने त्या आडमुठेपणातला चांगुलपणा तेवढा घेतला. आपल्याकडे जिद्द हा गुण आहे. 'राजी' म्हणजे संतुष्ट, आणि 'राजीनामा' म्हणजे मुळात संमतीचा कागद. आज तो बहुधा नाराजीनेच दिला जातो. 'रजा' म्हणजे संमती. साहेबांची संमती मिळाली की सुटी मिळते, म्हणून सुटीलाच रजा म्हणू लागलो. 'मजबूत' आणि 'जप्त' ही सख्खी भावंडे. दोन्हींत घट्ट धरून ठेवणे आहे. 'फजिती'ही याच अक्षराची, 'फाजील'ही, आणि 'एवजी' कामगारही.

'हजरत' आणि 'हजेरी' एकाच मुळातले आहेत, हे तर किती जणांच्या लक्षातही येत नाही. आपल्या सुरत शाहवली दर्ग्याच्या नावाआधी हजरत लावतात, त्यात सन्मुख असण्याचा भाव आहे. शाळेत गुरुजी हजेरी घेतात, त्यातही तोच. गवयाचा 'रियाज', सौदी अरेबियाची राजधानी 'रियाध' आणि खुलताबादचे जुने नाव 'रौजा' हे तिन्ही शब्द एका धातूचे. दोन नावांत बाग आहे आणि गवयाच्या वाट्याला सराव आला आहे. बागेला आणि गळ्याला, दोन्हींना रोजची मशागत लागते.

संतांनाही या शब्दांचे वावडे नव्हते. पैठणच्या एकनाथ महाराजांनी त्या काळच्या सरकारी अर्जाचा घाट घेऊन जिवाने देवाला केलेली विनंती रचली. तिचे नावच 'अर्जदस्त'. कचेरीतला फारसी शब्द त्यांनी थेट देवाच्या दारी नेला. पुढे राज्यकारभारातले फारसी शब्द बदलून संस्कृत शब्द द्यावेत म्हणून शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून राज्यव्यवहारकोश तयार झाला. राजाला आपल्या राज्याची भाषा घडवण्याचा हक्क असतोच. तरी लोकांच्या तोंडी अर्ज राहिला, कर्ज राहिले, गरजही राहिली. १९२५ साली माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. आपल्या बोलीत या वाटेने किती शब्द आले आहेत, याची नोंद एका मराठी कवीने घेऊन ठेवली आहे.

मराठी 'ज'चे मोठे घर

उर्दूत एकाच आवाजासाठी चार अक्षरे आहेत: जाल, जे, ज्वाद आणि जोय. अजानमधला 'ज' पहिला, नमाज-रोजा-जकात-बाजार यांतला दुसरा, रमजानमधला तिसरा आणि नजर-जुलूम-जाहीर यांतला चौथा. शाळेत उर्दू शिकणाऱ्या मुलांची शुद्धलेखनात या चौघांपायी दमछाक होते. मराठीने चारही एकाच 'ज'च्या घरात ठेवले. त्यात 'जमा' आणि 'जवाब' यांचा अरबी 'जीम' आला, शिवाय घरचा 'ज' होताच.

आणि हे घर त्यांना अडचणीचेही झाले नाही. मराठी 'ज'चे दोन उच्चार आहेत. जीवन, जय, जेवण यांतला एक आणि जावई, जड, जाळे यांतला दुसरा. हा जावईतला दंत्य 'ज' फारसी आवाजाच्या पुष्कळ जवळ जातो. हिंदीकडे तो नाही, म्हणून हिंदीला 'ज'खाली ठिपका द्यावा लागतो. मराठीला ठिपक्याची गरज पडली नाही. मराठी माणूस 'रमजान' म्हणतो तेव्हा इराणी, तुर्की माणसाच्या उच्चारापासून तो फार दूर नसतो.

त्रास होतो तो कागदावर. या अक्षराची नावे कुणी 'ज'ने लिहितो, कुणी 'झ'ने. रजा-रझा, काजी-काझी, रिजवान-रिझवान. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरे, आणि इंग्रजीतून मराठीत परत येताना तिसरेच. माझ्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांना एका कार्यालयात 'ही दोन माणसं वेगळी दिसतात' म्हणून तीन वेळा परत पाठवले. दोन्ही कागद त्यांचेच होते, फरक होता 'ज' आणि 'झ'चा. शेवटी प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, राजपत्रात नाव आणि महिनाभराची मजुरी पाण्यात. व्याकरणाच्या पुस्तकात हा फरक एका ओळीचा आहे. गरिबाच्या घरात तो पेन्शनचा असतो, पीकविम्याचा असतो, लेकीच्या शिष्यवृत्तीचा असतो. म्हणून शाळेत नाव घालताना गुरुजींनी एवढे विचारावे की घरचे कागद कसे आहेत, आणि पालकांनी सगळीकडे एकच वळण ठेवावे. टेबलापलीकडच्या माणसानेही लक्षात घ्यावे की ही दोन माणसे नाहीत, एकाच परदेशी अक्षराची दोन मराठी रूपे आहेत.

मग बरोबर काय?

कुराण पठणात अक्षर जिथून निघायला हवे तिथूनच काढावे, हा दंडक आहे आणि तो पाळावा. सूरह फातिहाच्या शेवटच्या शब्दात हे अक्षर येते आणि ती सूरह नमाजच्या प्रत्येक रकातीत वाचली जाते. म्हणून त्याचा उच्चार शिकण्यासाठी मुले मदरशात उस्तादांसमोर बसतात. ती पठणाची शिस्त झाली. रोजच्या बोलण्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रत्येक मुलूख आपल्या जिभेने बोलतो, आणि माणसांच्या भाषांचे व रंगांचे वेगळेपण ही ईश्वराची निशाणी आहे, अशीच कुराणाची शिकवण आहे.

तेव्हा रमदान म्हणणाऱ्याने खुशाल म्हणावे. त्यात चूक काही नाही. पण रमजान म्हणणाऱ्याला अडाणी ठरवू नये. हा उच्चार शेकडो वर्षांचा आहे. या मातीत दफन झालेल्या कितीतरी पिढ्यांनी याच उच्चाराने दुआ मागितल्या आहेत. रोजा कबूल होतो तो नीयत पाहून. शेजारी उपाशी असताना आपली इफ्तारची थाळी भरलेली असेल, तर 'द' कितीही शुद्ध काढून उपयोग काय?

आणि विचारणाऱ्या मित्रांनो, मुबारक म्हणा, करीम म्हणा, किंवा मराठीत सरळ रमजानच्या शुभेच्छा द्या. गंजगोलाईच्या बाजूला संध्याकाळी खजुराच्या गाड्या लागल्या आहेत. जाताना पाव किलो घेऊन या आणि मगरिबच्या वेळी आमच्या दस्तरखानावर बसा. हजेरी महत्त्वाची, आणि आता तुम्हाला ठाऊक आहे की त्या हजेरीतही तेच अक्षर आहे.